पावसाळ्यातली भोकं: उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

एका पंप केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या लोखंडी कवचात, भोकं पडायला लागली, तिथनं हे प्रकरण सुरू होतं. फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली, लहान, पाचशे किलोची एक इंडक्शन फर्नेस (विजेवर लोखंड वितळवायची भट्टी), दोन शिफ्ट, चाळीसेक माणसं. ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची कास्टिंग्ज ओततात, त्यात सगळ्यात जास्त चालणारं म्हणजे साधारण चौदा किलोचं एक पंप केसिंग, ते पुण्याच्या गिऱ्हाइकाकडं मशिनिंगला जातं. नावं कुणाचीच देत नाही, बेळगाव लहान आहे, उगीच कुणाला त्रास नको. मी पॉलिटेक्निकात शिकवतो, त्या फौंड्रीत क्वालिटी बघणारा पोरगा आमचाच विद्यार्थी आणि मोल्डिंगचे, म्हणजे साचे घालायच्या कामाचे हेड मामा (वयानं लहान-मोठे सगळे मामाच म्हणतात) माझ्या जुन्या ओळखीचे, त्यामुळं दोन्हीकडनं ऐकायला मिळालं आणि बरंचसं तिथं उभं राहून बघताही आलं.

एवढं सविस्तर लिहितोय कारण शिक्षणाबद्दल आमच्याकडं दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे "डिप्लोमा, बीई करून काय उपयोग, फौंड्रीत शेवटी मिस्त्रीच लागतो", आणि दुसरं म्हणजे "ही जुनी माणसं अडाणी, ह्यांच्या अंदाजपंचे कामानंच धंदा बसायलाय". आणि हे कुठं, तर ज्या गावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, मच्छेला त्याचा एवढा मोठा कॅम्पस आहे, ज्या उद्यमबागेत फौंड्र्यांच्या शेजारीच १९७९ सालचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं आहे. कॉलेज आणि फौंड्री एकाच रस्त्यावर, पण आतली माणसं एकमेकांना चहाच्या गाड्यावर सोडली तर भेटत नाहीत. ह्या प्रकरणात दोघं एकाच शेडमध्ये होते आणि तरीही दोन महिने माल फुकट गेला, ते का गेलं हे मला महत्त्वाचं वाटतं.

आधी माणसं सांगतो. मामा येळ्ळूरकडचे, चौथीपर्यंत मराठी शाळा, मग घरची अडचण, शेती थोडी, चौदा-पंधराव्या वर्षी फौंड्रीत माती चाळायला लागले. हेल्पर, मग मोल्डर, मग हेड. माती मुठीत दाबून, मोडून, मोडलेली कड बघून पाणी किती आहे सांगणारा माणूस. वाचायला येतं, मराठी पेपर रोज वाचतात, कन्नड बोलायला येतं पण वाचायला अडखळतात, इंग्लिश नाही. पोरगा खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, एसएसएलसीला चांगले मार्क, मग इंग्लिशमधनं मेकॅनिकलचा डिप्लोमा. पहिल्या वर्षी रडकुंडीला आला होता, तिसऱ्या वर्षी वर्गात वरच्या चार-पाचांत होता. हुशार म्हणण्यापेक्षा चिकट म्हणेन, एखादी गोष्ट कळली नाही की सोडत नाही. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आणि तिसरे मालक, दुसऱ्या पिढीतले, वाईट माणूस नाही पण रोजच्या खर्चाकडं फार बघतात.

जूनच्या शेवटाला पाऊस लागला आणि गिऱ्हाइकाकडनं रिजेक्शन यायला लागलं. वरनं कास्टिंग स्वच्छ दिसायचं, मशिनवर एक कट मारला की आत भोकं. आधी शंभरात तीन-चार जायची ती दहा-बाराला गेली. पावसाळ्यात भोकं म्हटलं की सगळ्यांचं बोट पहिलं मातीकडं जातं आणि त्यात चूक काही नाही. साचे ज्या मातीत घालतात ती ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी, त्यात पाणी थोडं जरी वाढलं तरी रस (वितळलेलं लोखंड) लागल्यावर त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते सोळाशेपट जागा मागतं, साच्यातनं बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर लोखंडातच घुसणार. पोरग्यानं सकाळ-सकाळी माती टेस्ट केली. कार्बाइडचा मॉइश्चर टेस्टर, कॉम्पॅक्टिबिलिटी (माती किती दाबली जाते), पर्मिएबिलिटी (तिच्यातनं हवा किती जाते), सगळं कॉलेजात शिकवलं तसं. आकडे व्यवस्थित. मॉइश्चर साडेतीनच्या आसपास. मामांनी मूठ दाबली, म्हणाले, "माती बरी हाय की. मातीचं कायबी नाही हे."

म्हणजे पुस्तक आणि मूठ दोन्हींचं एकमत झालं, मातीत दोष नाही. तिथं खरं तर पुढचा प्रश्न विचारायला पाहिजे होता. पण गिऱ्हाइकाला आठ दिवसांत एट-डी रिपोर्ट पाहिजे होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एट-डी म्हणजे आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, दोष काय, तात्पुरतं काय केलं, मूळ कारण काय, परत होऊ नये म्हणून काय करणार. पद्धत चांगली आहे, मी स्वतः शिकवतो. पण कारण सापडायच्या आत कारणाचा रकाना भरायची तारीख आली की माणूस काय लिहितो? ऑफिसमधनं पोरग्याला सांगितलं गेलं की ऑपरेटरचं काहीतरी टाक, ट्रेनिंग दिलं म्हणून लिही, क्लोज होऊन जाईल. त्यानं टाकलं. मूळ कारण, मोल्डिंग ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय, ऑपरेटरना प्रशिक्षण दिलं. पुरावा म्हणून हजेरीचा कागद जोडायचा होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं सगळ्यांना उभं केलं आणि सह्या घेतल्या. कागद इंग्लिशमध्ये. मामांनी सगळ्यात वर, मराठीत, पूर्ण नाव लिहून सही केली.

आठवड्यानं मामा तो कागद घडी घालून माझ्याकडं घेऊन आले, त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डवर लावली होती ती कुणाला तरी विचारून काढली होती. म्हणाले, "सर, एवढं वाचून सांगा की, सगळी माझ्याकडं बघून हसायलीत." मी वाचून सांगितलं. गडबडून गेले नाहीत, रागावलेही नाहीत, फक्त विचारलं, "म्हणजे मी माझ्याच चुकीवर सही केलो काय?" मग बराच वेळ आमच्या वर्कशॉपच्या बाकावर बसून राहिले. चाळीस वर्षं साचे घालणाऱ्या माणसावर त्याला न कळणाऱ्या भाषेत ठपका ठेवायचा आणि खाली त्याचीच सही घ्यायची, ह्याला आपण क्वालिटी सिस्टीम म्हणतो. ह्यात पोरग्याची चूक मी कमी धरतो, वर्षभराची नोकरी, घरी हप्ता, वरनं सांगणारे तीन लोक. पण त्याच्या शिक्षणानं त्याला फॉरमॅट भरायला शिकवलं होतं, "हे मला अजून कळलेलं नाही" असं फॉरमॅटमध्ये लिहायचं बळ दिलं नव्हतं. ते बळ आम्ही कॉलेजात देत नाही हे उघड आहे. आमच्याकडं प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निकाल चुकीचा आला तर पोरं शेजारच्याचा बघून बरोबर करून लिहितात आणि आम्ही सह्या करतो.

रिपोर्ट गिऱ्हाइकानं मान्य केला, भोकं काय मान्य करायला तयार नव्हती. जुलैच्या मध्यात एक लॉट अख्खा परत आला.

त्यावेळी पोरग्यानं एक काम स्वतःहून केलं, आणि ह्या सगळ्या प्रकरणात शिक्षणाची किंमत मला सगळ्यात स्पष्ट तिथं दिसली. परत आलेली केसिंग्ज भंगारात जायच्या आधी त्यानं वीस-पंचवीस बाजूला काढली, करवतीवर कापली आणि प्रत्येकात भोक कुठं आहे ते ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर ठिपके मारून नोंदलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मालकांनी तर ब्लेड झिजवतोस म्हणून बोलणी घातली. ठिपके टाकल्यावर दिसलं की भोकं दोन जागी आहेत, दोन जातीची. एक जात आत, कोरच्या (कास्टिंग आतनं पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) अंगाला, गुळगुळीत भिंतीची, मोठी. दुसरी जात वरच्या अंगाला, म्हणजे ओतताना जी बाजू वर असते तिथं, कातडीच्या जरा खाली, बारीक, आणि काहींच्या आत स्लॅगचे (रसावर येणाऱ्या मळीचे) काळे मणी. दोन जाती म्हणजे दोन कारणं असणार. इतके दिवस सगळे मिळून एकच कारण शोधत होते.

कागद घेऊन तो मामांकडं गेला. रिपोर्टनंतर दोघांचं बोलणं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मला वाटतं त्यानं आधी माफीच मागितली असावी, काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. पण मामांनी कोरच्या अंगाची भोकं बघितली आणि लगेच त्याला कोर शॉपकडं घेऊन गेले. कोर सीओटू पद्धतीचे, म्हणजे वाळूत सोडियम सिलिकेट घालायचं, पेटीत भरायचं आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा की कोर कडक होतो. तयार कोर फळीवर मांडून ठेवले होते, आदल्या दिवशीचे. मामांनी एक कोर उचलून दाखवला, वर पांढरी बुरशीसारखी भुकटी आली होती, बोटानं घासली की वाळू सुटत होती. म्हणाले, "हे पांढरं आलेला कोर मी उन्हाळ्यात बघितलेलो नाही. पावसात येतंय, आणि हे आलं की भोक ठरलेलं." कधीपासून माहीत आहे विचारलं तर म्हणाले लई वर्षं. मग सांगितलं का नाही? "मला इचारलं कोण?"

मामांना पांढऱ्याची खूण माहीत होती, ते का येतं ते माहीत नव्हतं. पोरग्याला कोर शॉपमधली फळी कधी बघायची सुचली नव्हती, पण भुकटी बघितल्यावर का येतं ते त्याच्या डोक्यात पेटलं, कारण ते त्यानं शिकलं होतं: गॅस गरजेपेक्षा जास्त सोडला तर सोडियम बायकार्बोनेट तयार होऊन वर फुलतं, कोर ठेवल्या-ठेवल्या ठिसूळ होतो, आणि सिलिकेटचा कोर तसाही हवेतला ओलावा ओढतो. मग कोर बनवणाऱ्या पोराकडं गेले. तो बिहारचा, नवीन, कामाला चोख. त्याला वाटत होतं पावसाळ्यात कोर नरम राहतो म्हणून तो गॅस दुप्पट वेळ सोडत होता. म्हणजे मेहनत जास्त करूनच तो कोर बिघडवत होता. त्याला कुणी गॅसची वेळ सांगितलीच नव्हती, भिंतीवर वर्क इन्स्ट्रक्शन होती, लॅमिनेट केलेली, इंग्लिशमध्ये. तो हिंदी वाचतो, शेजारचा हेल्पर कन्नड वाचतो, मामा मराठी वाचतात, आणि तो कागद वाचू शकणारा एकमेव माणूस म्हणजे वर्षातनं एकदा येणारा ऑडिटर. (सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरनं आपण काय काय करतो ते सांगायला नको, पण कारखान्याच्या आत कामगाराला कळणारी एक ओळ लावायची मागणी करणारा मला अजून भेटायचाय.)

गॅसची वेळ ठरवली, मोबाइलवर टायमर लावला, कोर त्याच दिवशी वापरायचे आणि उरलेच तर ओतायच्या आधी ओव्हनमध्ये सुकवायचे असं केलं. आतल्या अंगाची भोकं दोन आठवड्यांत जवळजवळ गेली. वरच्या अंगाची तशीच राहिली.

इथं मामांचं मत पक्कं होतं. वरची भोकं म्हणजे हवा निघत नाही, वरच्या पेटीला तार मारून व्हेंट (हवा जायच्या वाटा) वाढवा. वाढवले, फरक नाही. मग पोरग्याला शंका आली ती रसाच्या गरमपणाची, पण ते मामांना सांगायचं धाडस होईना, कारण रस किती तापलाय हे त्या शेडमध्ये मामा रंग बघून सांगतात आणि त्यांची नजर सगळ्या उद्यमबागेत नावाजलेली. फर्नेसमध्ये टेम्परेचर मोजत होते, चौदाशे चाळीस यायचं, कागदावर सगळं ठीक. पण लेडलमध्ये (रस साच्यापर्यंत नेऊन ओतायचं भांडं) ओततानाचं कुणी मोजत नव्हतं, कारण डिप थर्मोकपलची (रसात बुडवून टेम्परेचर मोजायचं साधन) टिप एकदा बुडवली की वाया जाते आणि मालकांनी टिपांचा खर्च धरून ठेवला होता. पोरग्यानं मला फोन केला, मी मालकांशी बोललो, चार दिवसांपुरत्या टिपा मिळाल्या.

दीडशे किलोच्या लेडलमधनं आठ-नऊ साचे भरतात. पहिल्या साच्याला तेराशे नव्वद, आणि शेवटच्याला तेराशेच्या जरासं वर. पोरग्यानं प्रत्येक साच्यावर खडूनं नंबर टाकला, कास्टिंग निघाल्यावर तोच नंबर रंगानं घातला, आणि मशिनिंगनंतर टेबल केलं: भोकं जवळजवळ सगळी सात, आठ, नऊ नंबरला. थंड रसात स्लॅग आणि मँगनीज सल्फाइड जमतं, त्यातल्या ऑक्साइडची लोखंडातल्या कार्बनशी रिअॅक्शन होऊन गॅस सुटतो आणि वरच्या कातडीखाली अडकतो. काळे मणी त्याचीच खूण.

मामांनी टेबल बघितलं, मान्य करायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, मी स्वतः लेडलजवळ उभा असतो, रस थंड असता तर मला दिसला असता. आणि हा प्रश्न रास्त होता, कारण उन्हाळ्यात त्यांची नजर खरंच चुकत नव्हती. उत्तर छपरावर होतं. पाऊस आत येतो म्हणून जूनमध्ये छपराच्या पारदर्शक पत्र्यांवर निळा प्लास्टिक कागद घातला होता, वरनं ढगाळ हवा, शेडमध्ये दुपारी तीनला संध्याकाळ. अंधारात तोच रस जास्त उजळ दिसतो. मामांची नजर उन्हाळ्याच्या उजेडात तयार झालेली, त्यामुळं काळोख्या शेडमध्ये तेराशेचा रस त्यांना तेराशे साठचा वाटत होता. हे पोरग्याला सुचलं नाही, मलाही नाही. मामाच एक दिवस प्लास्टिक वाऱ्यानं उडालं तेव्हा ओरडले, "बाळ, बघ बघ, रस एकदम लाल दिसायलाय!" आणि मग स्वतःच गप्प होऊन वर बघत राहिले. मग टिप बुडवून खात्री केली.

पुढचं काम सोपं होतं. लेडल नीट तापवून घ्यायची, वर झाकण, एका लेडलमध्ये सहाच साचे, उरलेला रस परत फर्नेसमध्ये. मालकांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण विजेचं बिल वाढतं, शेवटी पोरग्यानं परत आलेल्या मालाचा खर्च आणि टिपांचा खर्च शेजारी-शेजारी मांडून दाखवला. गणित आठवीचं होतं, पण ते मांडायला कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.

आता माझं मत. हे प्रकरण मी दोन-तीन ठिकाणी सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, बघा, पुस्तकी ज्ञान आणि अनुभव दोन्ही पाहिजेत. ते खरंच आहे, पण ह्या प्रकरणाला लागू होत नाही, कारण दोन्ही पहिल्या दिवसापासून तिथं होते, पंधरा फुटांच्या अंतरावर. पांढऱ्या भुकटीची खूण मामांकडं होती, तिचं कारण पोरग्याकडं होतं. मामांना मीटिंगला बोलवत नव्हते कारण मीटिंग इंग्लिश-हिंदीत होते आणि ते खुर्चीवर बसत नाहीत. पोरग्याला हीट (फर्नेसमधला एक घाणा) थांबवायचा अधिकार नव्हता, टिप मागायचा नव्हता, रिपोर्टात खरं लिहायचाही नव्हता. डिप्लोमा त्याच्याकडं होता आणि डिप्लोमात शिकलेलं वापरायची मुभा मालकाच्या खिशात होती. शिक्षणाची मर्यादा म्हणून आपण अभ्यासक्रमाला शिव्या घालतो, प्रॅक्टिकल नाही म्हणतो, त्यात तथ्य आहे, मी आतला माणूस म्हणून सांगतो आमच्या सँड टेस्टिंग लॅबमधली वाळू बारा महिने कोरडी असते. पण हे पोरगं अभ्यासक्रमात नसलेल्या गोष्टीपर्यंतही पोचलं, करवत हातात घेतल्याबरोबर. अडवलं ते ब्लेडच्या किमतीनं.

आणि अनुभवाबद्दल एक. मामांना ज्या हंगामात जोरात भोकं आली तो हंगाम लक्षात आहे, ज्या शेवटच्या साच्यांत थोडी-थोडी वर्षानुवर्षं येत होती ती कधीच लक्षात राहिली नाहीत, कारण कुणी नंबर टाकत नव्हतं. त्यात मामांना कमीपणा नाही, न लिहिता एवढं कुणाच्याच लक्षात राहत नाही. लिहायला शिकवणं हे शाळेचं सगळ्यात जुनं काम आणि फौंड्रीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तेच.

आज तिथं काय आहे ते सांगतो. कोर शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदीत तीन ओळी लिहिल्यात, खडूनं, पाऊस लागला की पुसतात आणि परत लिहितात. लेडल टेम्परेचरचं रजिस्टर दिवसपाळीला मामा स्वतः भरतात, मराठी आकड्यांत, आणि शेरा म्हणून कधी "ढग", कधी "ऊन" असं लिहितात, जे कुठल्याही फॉरमॅटमध्ये नव्हतं. रात्रपाळीची पानं अजून कोरी असतात किंवा सगळीकडं एकच आकडा असतो. पोरगा हत्तरगीकडं दुसऱ्या कंपनीत गेला, पगार चांगला मिळाला, मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. त्याच्या जागी नवीन मुलगी आली आहे, बीई, हुबळीची, मराठी येत नाही, मामांशी कन्नडमध्ये बोलते. पहिल्या आठवड्यात तिनं मामांना विचारलं की शेऱ्यात ढग का लिहिता, आणि मामांनी तिला छपराखाली नेऊन सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये जुना एट-डी मात्र तसाच आहे, निष्काळजीपणावाला, मामांच्या सहीसकट. तो बदलून द्या म्हणून मी मालकांना दोनदा बोललोय, ते म्हणतात क्लोज झालेला रिपोर्ट उघडला तर नवीन प्रश्न येतील. मी अजून मागे लागलोय.